कालकथित प्रयागबाई यांजकडून

प्रताप नगर, नागपूर
१२ जानेवारी १९७५

चि. तारा,

सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या शाळेतल्या यमुताई तुझ्या हातात देतील. आधी खाली बस, मग वाच. तू घाबरशील हे मला कळतं, पण याहून हळू रीत मला सुचली नाही. मी तुझी माय, प्रयागबाई. मी तुरुंगात तापानं मेले असं तुझ्या काकाजींनी तुला सांगितलं आहे. मलाही ते गेल्या रविवारीच कळलं.

मला सुटून दीड वर्ष झालं. सुटल्याबरोबर मी तुझ्या काकाजींना, बळीरामला, कार्ड टाकलं. तो धावत आला, पाया पडला, रडला. म्हणाला, "वहिनी, पोट्टी आता चांगली शिकून राहिली. एकदम समोर येशील तर तिचं मन बिघडन. मी सांगतो तिले हळूहळू." मला पटलं. तेव्हापासून तो दर महिन्याला येतो, घरचे तांदूळ आणतो, तुझी खुशाली सांगतो. तारा पहिली आली, तारानं स्वतः साडीला फॉल लावला. मी इथं सदर बाजारात एका शिंप्याकडे काज-बटणं करते. तू फॉल लावलास हे ऐकून आठवडाभर माझी सुई आपोआप चालत होती.

पण किती दिवस दुसऱ्याच्या तोंडून लेक ऐकायची? गेल्या रविवारी मी कोणाला न सांगता आपल्या गावाची, कुहीची गाडी धरली. तोंडावर पदर घेतला आणि आधी विहारात गेले, म्हटलं वंदनेला तू येशीलच. तहान लागली होती. दाराशी तोटीचं पितळी पिंप दिसलं. पेला भरला आणि पिंपावर कोरलेलं वाचलं: कालकथित प्रयागबाई रामाजी नगराळे यांच्या स्मरणार्थ. मी लिहा-वाचायला तुरुंगात शिकले. एवढ्या कष्टानं शिकलेलं असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

शेजारी एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं, "ह्या कोण वं बाई?" ती म्हणाली, "बळीरामची भावजय होती. नवऱ्याले मारलं न् जेलात मेली. पण बळीरामचं मन मोठं. तिच्या पुण्यानुमोदनाले सारं गाव जेवलं." म्हणजे माझ्या नावानं गाव जेवलं आणि मला आमंत्रण नाही. मी तिथं हसले, तारा. हसायला नको होतं. पाणी मात्र गार होतं.

मग तू आलीस. डोक्यावर पाण्याचा गुंड, कमरेवर दुसरा, कोणा मैत्रिणीशी हसत चाललेली. मी भिंतीला धरून उभी राहिले. हाक मारली असती तर मेलेल्या बाईला बघून तू गुंड टाकून पळाली असतीस. म्हणून मागे फिरले, आणि बळीराम ज्यांचं नाव घेतो त्या यमुताईंच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खूप वेळ माझा हात सोडला नाही.

मला तुझ्याकडून काही नको. मिळालं, एवढंच लिही.

तुझी माय


प्रताप नगर
९ फेब्रुवारी १९७५

चि. तारा,

सप्रेम जयभीम.

तुझी चिठ्ठी मिळाली. "माझी माय वारली आहे. तुम्ही कोण ते खूण सांगून पटवा, नाहीतर पुन्हा लिहू नका." वाचून आधी रडू आलं, मग बरं वाटलं. कोणाच्याही गोड पत्राला भुलू नये हे तुला ज्यानं शिकवलं त्यानं चांगलंच शिकवलं. आता खूण ऐक.

मला धरलं तेव्हा तू अंगावर पीत होतीस. असं लेकरू मायबरोबर आत येतं आणि मोठं झालं की बाहेर देतात. तू सहा वर्षांची होईपर्यंत माझ्याजवळ बराकीत होतीस. रोज सकाळी आणि दिवस मावळताना आमची गिनती व्हायची. आम्ही बाया दोघी-दोघी जोडीनं उकिडव्या बसायचो आणि वॉर्डरबाई डोक्याला हात लावत मोजत जायची. तू माझी जोडीदार. तुझं नाव कुठल्याही हिशेबात नव्हतं, तरी तू पदर सावरल्यासारखं करून बसायचीस आणि बाई तुझ्याही डोक्याला हात लावायची. मग तू चिंचोके घेऊन त्यांची गिनती करायचीस. जोडी लावून एखादा उरला की रडायचीस, "एक पळाली, माय, एक पळाली!" सगळी बराक हसायची. हसू फार कमी वेळा यायचं तिथं, म्हणून मला ते सगळं लक्षात आहे.

आणि दुसरी खूण. बळीराम तुला न्यायला आला त्या दिवशी फाटकाशी खाकी साडीतली बाई पुढे झाली, तर तू कोणी न सांगता दोन्ही हात वर करून उभी राहिलीस. आमची तपासणी व्हायची तेव्हा आम्ही तशाच उभ्या राहायचो ना. ती बाईसुद्धा तोंड फिरवून उभी राहिली. मग मला आत नेलं. बाहेर बैलबंडी होती. तू जन्मात बैल पाहिला नव्हतास. तू जी किंचाळलीस ती मला आत बराकीपर्यंत ऐकू येत होती.

हे बळीरामला माहीत नाही, कारण हात वर केलेस तेव्हा तो सही करत होता. हे फक्त तुला आणि मला माहीत.

बळीराम परवा येऊन गेला. नेहमीसारखे तांदूळ आणले, नेहमीसारखा हसला. मग म्हणाला, "कुहीच्या बाजूनं गेलती का कोणी, वहिनी? विहारात एक बाई आलती म्हणतेत. पिंपावरचं नाव वाचून हसली म्हणतेत." मी म्हटलं, "मले का माहीत? मी कायले जाऊ तिकडं?" तो माझ्या चपलांकडे बघत होता. एरवी तो चहा घेऊन निघतो, त्या दिवशी बसून राहिला. ही खोली म्हणजे एका अर्धवट बांधलेल्या घराची मागची खोली आहे. इंदूबाई इथं राखण करते. ती माझ्याबरोबर आत होती, माझ्या आधी सुटली, तिनंच मला आसरा दिला. बळीरामनं विचारलं, इंदूबाई बाजारात कधी जाते. दाराला कडी आतून की बाहेरून. शेजारी माणसं केव्हा राहायला येणार. सगळं काळजीनं विचारल्यासारखं. तो गेल्यावर इंदूबाई म्हणाली, "तुह्या दिराले घर विकत घ्यायचं हाय का वं?"

मी हसले नाही.

माय


प्रताप नगर
१६ मार्च १९७५

माझ्या तारा,

तू लिहिलंस की तुला हात आठवतात. बाकी काही आठवत नाही, बराक नाही, माझं तोंडही नाही, पण अजून खाकी कपडे दिसले की हात आपोआप उचलतात आणि तुला आजवर कळलं नव्हतं ते कशानं. हे वाचून मी पत्र छातीशी धरून तशीच बसले. शिंपी ओरडला, मी त्याला म्हटलं, ओरडा. मला एवढा आनंद आणि एवढी लाज एकाच वेळी कधी झाली नव्हती. तू मला "माय" लिहिलंस. दोनदा लिहिलंस.

आता तुझ्या दोन गोष्टी.

तुझं लग्न ठरलं, चार मेला. मुलगा अजनीला रेल्वेत फिटर, माणसं साधी. फार चांगलं झालं. पण तू म्हणतेस की तू त्याला सगळं सांगणार आणि मांडवात मला उभी करणार. तसं करू नकोस. अजून नको. तुझी माय मेलेली आहे असं समजून त्यांनी तुला पसंत केलं आहे. मेलेल्या मायचं काही म्हणणं नसतं, आणि जेलातून आलेली माय कोणाला सोयरीक म्हणून नको असते. आणि काकाजींना तर अजिबात काही सांगू नकोस.

दुसरी गोष्ट. "बाबांना तूच मारलंस का?" याचं उत्तर मी आज देत नाही. हो म्हटलं तर ते खोटं होईल. नाही म्हटलं तर तू पुढचं विचारशील, आणि तू ज्या घरात जेवतेस, झोपतेस तिथं बसून ते उत्तर वाचशील. लग्न होऊन त्या घरातून बाहेर पड. मग विचार.

बळीराम पुन्हा आला होता. या वेळी त्यानं स्वतःच लग्नाचं सांगितलं, आणि नवं लुगडं आणलं. "पोरीचं लगन पाहाले यायचं ना, वहिनी? एक काम कर. आदल्या दिवशी शेवटच्या गाडीनं ये. गावात नको उतरू, तलावाच्या फाट्यावर उतर. मी बंडी घेऊन उभा राहतो. दुरून पोरीले पाहून घे अन् सकाळी माघारी जा. पण एकटीच ये. त्या इंदूबाईलेबी सांगू नको." लुगडं चांगलं आहे, मोरपिशी. एवढी वर्षं झाली, मला कोणी लुगडं घेतलं नव्हतं. तुला खरं सांगते, क्षणभर मी भुलले. तुला हळदीत बघायला मिळेल एवढंच डोक्यात होतं.

इंदूबाई आडून ऐकत होती. तिची ती जुनी खोड, ती आतही बराकीवर लक्ष ठेवायची. म्हणाली, "एकटीच काहून बोलावते वं तुले? अन् त्या फाट्यावर काहून?"

मी म्हटलं, "लोकं बोलतीन म्हणून."

"तुले समजत नाही का? कुहीत तू मेलेली हायेस. तुह्या नावानं जेवून बसले सारे. मेलेल्या बाईले कोण शोधते?"

मी तिला फाडफाड बोलले. तुझ्या मनात पाप आहे, तुला सगळेच चोर दिसतात, असं काय काय. ती उठून चूल पेटवायला गेली. पण त्या दिवसापासून त्याचे तांदूळ मी शिजवलेले नाहीत. पिशवी तशीच कोपऱ्यात आहे.

तू सांभाळून राहा.

माय


प्रताप नगर
१३ एप्रिल १९७५

तारा,

"उत्तर दिलं नाहीस तर मी काकाजींनाच विचारीन." हे तू लिहायला नको होतंस. हट्टी आहेस, आणि कोणावर गेलीस ते मला माहीत आहे, म्हणून रागावताही येत नाही. पण त्यांना विचारू नकोस. तुझ्या पाया पडते, विचारू नकोस. त्यापेक्षा मीच सांगते. यमुताईंच्या घरीच वाच आणि तिथंच चुलीत घाल.

धान झोडायचे दिवस होते. खळ्यावर तुझे बाबा आणि बळीराम यांचं भांडण लागलं. कशावरून, तर बळीरामनं न विचारता बैल दुसऱ्याच्या वावरात दिला आणि तो लंगडा होऊन आला. एवढ्यावरून. बळीरामनं बंडीची उभारी, तो कडेचा दांडका, उपसली आणि त्यांच्या डोक्यात घातली. एकच. त्याला मारायचं नव्हतं, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. पण उभारी लाकडाची असते आणि डोकं हाडाचं. तू माझ्या कडेवर होतीस.

घरी आणलं, दार लावलं, आणि तुझ्या आजीनं पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? रडली नाही. माझ्यासमोर पदर पसरला. एक लेक गेला, दुसरा फासावर जाईल, वावर कोण करील, आपण सगळ्या काय खाऊ. तुझी काकू कांताबाई तेव्हा नवी नवरी, ती कोपऱ्यात उभी होती. बळीराम माझे पाय धरून म्हणत होता, "वहिनी, बाईले फाशी होत नाही. कडेवर लेकरू पाहून दोन-चार वर्षांत सोडून देतेत. तारीले मी पोटच्या पोरीसारखी पाहीन." मी विशीतली होते. नवरा खाटेवर, अंग अजून ऊन. त्या घरात माय-लेकांचं रक्ताचं नातं होतं, कांताबाईला तिचा नवरा वाचवायचा होता, परकी एकटी मी. त्यांनी निवड करायला वेळ लावला नाही.

कोर्टात मी म्हटलं, मी मारलं. का मारलं म्हणून विचारलं, तर आधी पढवलं होतं तसं म्हटलं, तो मला रोज मारायचा. तारा, तुझ्या बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. नागपूरला दीक्षा घ्यायला गेलो तेव्हा तू पोटात होतीस, मला चालवेना, तर येताना अर्धी वाट त्यांनी माझी पिशवी आणि मला दोन्ही ओढत आणलं, आणि वर गाणी म्हणत होते. त्या माणसाला मी भर कोर्टात बायको झोडणारा केलं. बाकी सगळं मी सोसलं, पण हे अजून गळ्याखाली उतरत नाही. आणि कोर्टानं कडेवरच्या लेकराकडे बघितलंसुद्धा नाही. जन्मठेप दिली.

बळीरामनं तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, हे मी नाकारत नाही. शब्द पाळला. पण मी एवढी वर्षं जगेन आणि बाहेर येईन हे त्यानं धरलं नव्हतं. गावात मला मारून टाकून त्याला आता बरीच वर्षं झाली. जिवंत मी त्याच्या कामाची नाही. आणि तुझी आजी आता नाही, कांताबाई नवऱ्याविरुद्ध बोलायची नाही; खळ्यावरचं सांगू शकेल अशी मी एकटीच उरले आहे.

आता ऐक. चेहरा नेहमीसारखा ठेव. त्यांच्या ताटात वाढतेस तशीच वाढ. झोप कांताबाईजवळ. दिवसा यमुताईंकडे जात राहा. लग्नाला तीन आठवडे आहेत, तेवढे काढ.

मी शेवटच्या गाडीनं येणार नाही. एवढी मूर्ख आता राहिले नाही.

माय


प्रताप नगर
२७ एप्रिल १९७५, दुपार

चि. तारा,

तुझं पत्र आज यमुताईंकडून आलं नाही. बळीरामनं ते सदऱ्याच्या खिशातून काढून माझ्या हातात दिलं. अक्षर तुझंच. "माय, काकाजी म्हणतात तसंच कर. शेवटच्या गाडीनं एकटी ये." म्हणजे माझी पत्रं त्याला सापडली. कुठलं सापडलं, किती सापडली, मला माहीत नाही. यमुताईंचं कार्ड परवाच आलं की तू शाळेत नाहीस, विहिरीवर नाहीस, आणि त्या दारात गेल्या तर कांताबाईनं दार उघडलं नाही, आतूनच म्हणाली, पोरीले बरं नाही.

तो बाहेर विटांच्या ढिगावर बसला आहे. उत्तर घेऊनच जाणार म्हणतो. आल्या आल्या विचारलं, "इंदूबाई बाजारात गेली का?" मी हो म्हटलं. ती खरंच गेली आहे. मी त्याला पाणी दिलं, "थांब, लिहून देते" म्हटलं आणि आत येऊन बसले. मधूनमधून तो वाकून आत बघतो. मी मान खाली घालून लिहिते आहे, तेव्हा त्याला वाटत असेल वहिनी लेकीला काहीबाही लिहीत असेल.

तारा, हे तुझ्या हाती पडणार नाही. नाका ओलांडला की तो गाडीतच उघडेल. म्हणून इथून पुढचं त्याच्यासाठी.

बळीराम,

मी येणार. तू म्हणतोस त्या गाडीनं नाही आणि त्या फाट्यावर नाही. चार तारखेला सकाळच्या गाडीनं येईन आणि भर गावात उतरेन. तोंडावर पदर नसेल. इंदूबाई बरोबर असेल, आणि आमच्या बराकीतल्या सुटलेल्या बाया. त्या कशाकशासाठी आत होत्या ते तू विचारू नकोस. मांडवात मुलीची माय जिथं उभी राहते तिथं मी उभी राहीन.

मांडव उभा राहील की नाही हे मला सांगता येत नाही, कारण काल मी अजनीला मुलाच्या घरी जाऊन आले. मी कोण, कुठून आले, सगळं सांगितलं. खळ्यावरचंही. मुलाची माय खूप वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "आमचा विचार व्हायचा आहे. पण त्या दिवशी आम्ही येऊ नक्की. पोरगी आमच्या डोळ्यांसमोर पाहिजे." मुलगा उठून मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. लग्न मोडलं तर माझ्या हातानं मोडलं, आणि तारा मला त्याबद्दल जन्मभर बोलेल. बोलू दे. बोलायला ती राहिली पाहिजे. लग्न मोडलं तर मी तिला घेऊन इथं येईन.

आता तू जाऊन काय करशील ते मला इथून दिसतं. दार लावून बसशील, डोकं धरशील, कांताबाईवर ओरडशील. ते कर. पण तारीकडे जाऊ नकोस. तिला आजपासून विहिरीवर जाऊ दे, शाळेत जाऊ दे, यमुताईंच्या नजरेसमोर राहू दे. तिच्या केसाला धक्का लागला, तिला एक वेळचा ताप आला, ती तलावाच्या वाटेवर घसरून पडली असं मला कोणी सांगितलं, तर मी चौकीत जाणार नाही. कोर्टात तर नाहीच, तिथं माझ्या बोलण्याला काय भाव आहे ते मी बघितलं आहे.

तुला तुरुंगाचं भय होतं, म्हणून तू मला पाठवलंस. मला आता ते भय नाही, तू घालवलंस. तिथं कुठल्या जागी ऊन लवकर येतं, कोणाशी जोडीनं बसायचं, भाकरी कडक असली तर कशात बुडवायची, सगळं मला ठाऊक आहे. माघारी जायला मला काही जड जाणार नाही. एका खुनाची पुरती शिक्षा मी भोगून आले आहे, बळीराम. खून मी अजून केलेला नाही.

प्रयागबाई